सांगितलंय मी सरांना

“हेरंबदादा, हातातलं ठेव आणि आधी इकडे ये.”

मी प्रयोगशाळेच्या जमिनीवर जवळजवळ आडवी पडले होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात तेलाची चिंधी. डोक्यावर एका जुन्या रेल्वेपुलातून काढून आणलेली पोलादी तुळई. ती वरून जॅकने दाबत जायची आणि कुठे, कशी मोडते ते बघायचं, हा माझ्या मास्टर्सचा प्रबंध. जॅकची चौकट दाबाने वर उचलली जाऊ नये म्हणून मनगटाएवढ्या चार पोलादी दांड्यांनी ती जमिनीला जखडली होती, आणि आदल्या दिवसापासून थोडा भार चढवून सगळं ताणून ठेवलं होतं. त्यातल्या खिडकीकडच्या दांड्यावर, खालच्या नटाच्या तोंडाशी, आट्यांमध्ये मला एक रेघ दिसली. केसाएवढी, तांबूस.

हेरंबदादा कॉफीचा कप घेऊनच आला. गुडघे टेकून वाकला, बघितलं आणि उठून उभा राहिला. दचकला वगैरे काही नाही.

“हो. काल संध्याकाळीच बघितली मी.”

“भेग आहे ना ही?”

“भेगच आहे.”

“अरे मग?”

“सांगितलंय मी सरांना.”

“काय म्हणाले?”

“पुरतील म्हणाले दांडे.”

माझा जीव भांड्यात पडला. सरांना ठाऊक आहे म्हटल्यावर त्यांनी काही हिशेब केला असेलच, आपण कोण टिकोजीराव! मी कपडे झटकले आणि पाहुण्यांसाठी खुर्च्या पुसायला गेले.

या गोष्टीला आता वीस वर्षं उलटून गेली. हॉलंडमधलं एक लहानसं गाव, कालवे, सायकली आणि हाडात शिरणारा वारा. मी शर्मिष्ठा मगदूम, इचलकरंजीची. बाबांचं लेथवर लूमचे सुटे भाग करायचं वर्कशॉप होतं, आटे पाडताना उडणारा कीस बघतच मी लहानाची मोठी झाले. घरात माझी ख्याती एकच, पोरीच्या जिभेला हाड नाही. आजोबांनासुद्धा तोंडावर म्हणायचे, आजोबा, तुम्ही पत्ते चोरताय. पण परदेशात गेल्यावर माझं पार मांजर झालं होतं. इंग्रजी वाक्य तोंडातून निघण्याआधी तीनदा मनात घोळवायचं आणि तोवर समोरच्यांचा विषय बदललेला असायचा.

तिथे मला सांभाळलं ते हेरंबदादाने. हेरंब शेंडे, वाईचा, आमच्याच प्रोफेसरांकडे पीएच.डी. करत होता आणि माझ्या प्रबंधाचं रोजचं काम त्याच्याच देखरेखीखाली होतं. पहिल्या दिवशी स्टेशनवर घ्यायला आला तो हातात जादा स्वेटर घेऊन. मला फ्लू झाला तेव्हा मुग्धावहिनींनी आठवडाभर मऊभात करून घातला. तिथे कसं वागायचं हेही त्यानेच शिकवलं. “ही माणसं नावाने हाक मारा म्हणतात, म्हणू देत. आपण सरच म्हणायचं. आणि सरांची चूक दिसली तर चारचौघांत दाखवायची नाही, शोभत नाही ते.”

मुग्धावहिनींना सातवा महिना होता. दादाची तीन वर्षं संपत आली होती आणि प्रबंध अजून बाकी होता. चौथं वर्ष मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर बाळ व्हायच्या आतच गाशा गुंडाळून परत. आणि ते वर्ष द्यायचं की नाही हे सर आजच्या प्रयोगानंतर ठरवणार होते. बघायला रेल्वेखात्याची माणसं येणार होती, पुढचं सगळं संशोधन त्यांच्याच भरवशावर होतं. दादा आदल्या दिवसापासून नीट जेवला नव्हता असं वहिनींनी मला फोनवर सांगितलं होतं.

दहाच्या सुमारास पाहुणे आले. चार-पाच जण, त्यात एक बाई. त्यांच्या पुढे प्रोफेसर हेसेल व्हेनिंगा, म्हणजे आमचे सर. ताडमाड उंच, पॅंटच्या एका पायाला सायकलची चिमटी तशीच राहिलेली. फार हुशार माणूस आणि फार घाईचा. नवे दांडे पुढच्या आठवड्यात यायचे होते, पण पाहुण्यांना आजच वेळ होता. म्हणून मागच्या प्रयोगातलेच दांडे पुन्हा लावायचे हा निर्णयही त्यांचाच.

मी कॉम्प्युटरसमोर बसले. किती भार चढला ते मी मोठ्याने वाचायचं, दादाने माझ्या शेजारी उभं राहून आकडे तपासायचे. भार टप्प्याटप्प्याने चढायचा. प्रत्येक टप्प्याला योप नावाचा आमचा तंत्रज्ञ तुळईजवळ जाऊन नव्या भेगांवर खडूने खुणा करायचा. योप म्हणजे गडगडाटी हसणारा माणूस. मला डच शिव्या त्यानेच शिकवल्या होत्या, आणि वहिनींच्या सायकलची चेन महिन्यातून दोनदा बसवून द्यायचा.

पहिले दोन टप्पे नीट गेले. सर पाहुण्यांना समजावून सांगत होते, हात हलवत होते, मजेत होते.

“इतक्या लांबून काय दिसणार? या, पुढे या,” ते म्हणाले.

जमिनीवर पिवळा पट्टा होता. प्रयोग चालू असताना त्याच्या पलीकडे योपशिवाय कुणी जायचं नाही असा सरांचाच नियम. सर सगळ्यांना घेऊन पट्टा ओलांडून गेले आणि खिडकीच्या बाजूला उभे राहिले, कारण तिथे उजेड चांगला होता. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ तर त्या दांड्यापासून हातभर अंतरावर. योप दांड्याला पाठ लावून उकिडवा बसला होता, खडू दातात धरून.

एवढा ताण असलेला दांडा तुटला तर नुसता तुटून पडत नाही, गोळीसारखा सुटतो. बाबांच्या वर्कशॉपमध्ये एकदा साधा बोल्ट उडून पत्र्यातून आरपार गेला होता.

“दादा,” मी मराठीत, ओठ न हलवता म्हटलं, “सरांना त्या भेगेचं माहितीये ना?”

“सांगितलंय म्हटलं ना.”

“मग माणसं तिथे कशी उभी करतात ते?”

दादाने मागचाच आकडा पुन्हा तपासला.

“तू नेमकं काय म्हणालास त्यांना?”

“आकडा वाच आधी.”

मी आकडा वाचला. सरांनी अंगठा दाखवला. जॅकचा पंप घुमायला लागला.

“दादा, काय म्हणालास?”

“अगं, काय म्हणणार! म्हटलं, सर, हे दांडे मागच्या वेळी वापरलेले आहेत, उद्यासाठी पुरतील ना? ते म्हणाले, पुरतील.”

“आणि भेग?”

त्याने स्क्रीनवरचा आकडा टिपून घेतला.

“भेग आहे असं म्हणालास का तू? तेवढं सांग.”

“सरळ असं कसं म्हणणार? दांडे त्यांनीच निवडलेत. एवढं विचारलं की समजायला पाहिजे माणसाला. आपल्याकडे समजतं.”

त्याच्या हिशेबाने त्याने सांगितलं होतं. आपल्याकडे एखादा हाताखालचा माणूस येऊन ‘साहेब, चालेल ना हे?’ म्हणाला तर साहेब ओळखतो, काहीतरी बिनसलंय, आणि उठून बघायला जातो. सरांना मात्र नुसता प्रश्न विचारला गेला होता, त्यांनी उत्तर दिलं होतं आणि त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

“आत्ता सांग. आत्ताच्या आत्ता!”

“पाहुण्यांसमोर? वेड लागलंय का तुला? त्यांची काय शोभा राहील?” तो माझ्या खुर्चीवर वाकला. “एक टप्पा फक्त. मग जेवणाची सुट्टी आहे. मी त्यांना एकट्याला गाठून सगळं सांगतो. शपथ.”

“आणि तोवर तुटला तर?”

“काल नाही तुटला, आत्ताही नाही तुटला. शर्मिष्ठा, प्लीज. आज माझं वर्ष ठरणार आहे गं. मुग्धाला घेऊन मी कुठे जाऊ अशा अवस्थेत?”

त्या माणसाचं मीठ खाल्लं होतं मी. मध्येच थांबवलं तर तुळईचा प्रयोग वाया जाणार, पाहुणे नाराज होऊन परत जाणार आणि दादाचं वर्ष जाणार. नाही थांबवलं तर कदाचित काहीच होणार नव्हतं. त्या ‘कदाचित’पाशीच मी अडकून बसले. समोर योप खडूने तुळईवर बाण काढत होता आणि काहीतरी गुणगुणत होता.

मी हात वर केला. “सर, थोडा वेळ थांबायचं का?”

सरांनी वळून बघितलं, हसले. “कशाला? छान चाललंय. पुढे चल.”

आणि मी मान हलवली. मी! आजोबांना पत्तेचोर म्हणणारी मी, ‘येस सर’ म्हणून पुढचा आकडा वाचायला लागले. माझी आई नेहमी म्हणायची, भीड भिकेची बहीण. इथे तर ती माणसांच्या जिवावर उठली होती.

तेवढ्यात आवाज आला. टण्ण. बारीकच, कुणीतरी ताटावर चमचा आपटावा तसा.

“ऐकलंत?” सर पाहुण्यांना आनंदाने म्हणाले, “तुळई बोलायला लागली.”

मी स्क्रीन बघितला. तुळईवर बसवलेल्या मापकांचे सगळे आकडे जागच्या जागी होते. तुळईला काहीही झालेलं नव्हतं. मी दादाकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, त्यालाही कळलं होतं आवाज कुठून आला ते. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

“योप, मागे हो! आयला, मागे हो म्हणते ना!”

हे मी मराठीत ओरडले. टेबलावरचं लाल बटण तळहाताने इतक्या जोरात हाणलं की मनगट पुढे चार दिवस सुजलं होतं. पंप बंद पडला. जॅकने सुस्कारा सोडला. मराठीचं एक अक्षर कळत नसताना योप कोलांटी मारल्यासारखा बाजूला झाला होता आणि सरांनी त्या वयस्क गृहस्थांना दंडाला धरून मागे ओढलं होतं.

पाहुणे भराभर पट्ट्याच्या अलीकडे आले.

“का?” सर म्हणाले. एकच शब्द, पण मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता.

“दांड्याला भेग आहे.”

सर स्वतः आडवे झाले. बराच वेळ बघत राहिले. “मला काही दिसत नाही.”

भार उतरल्यावर भेग मिटली होती! पाहुण्यांतल्या बाईंनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, संपलं. माझंही आणि दादाचंही.

योप काही न बोलता उठला. कपाटातून लाल रंगाचा डबा घेऊन आला. हा रंग लावून पुसून टाकायचा आणि वरून पांढरी पावडर मारायची. भेग असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग हळूहळू वर येतो. त्याने दांडा पुसला, रंग लावला आणि आम्ही सगळे उभे राहिलो. पाहुणेसुद्धा, पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे. पुसून पावडर मारल्यावर आधी एक ठिपका आला. मग रेघ. ती दांड्याभोवती फिरत गेली, अर्ध्याच्याही पलीकडे. योपने तिच्याकडे बघितलं, आपण जिथे बसलो होतो तिथे बघितलं आणि उलट्या बादलीवर जाऊन बसला. त्या दिवशी तो पुन्हा हसला नाही.

“तुला केव्हा दिसली?” सरांनी मला विचारलं.

“सकाळी.”

“मग सकाळी का नाही सांगितलंस?”

काय सांगणार होते? दादाचं नाव माझ्या जिभेवर येणार नव्हतं. पण डोळे मेले ऐकत नाहीत, ते गेले त्याच्याकडे. सरांनी बघितलं.

“हेरंब, तुला माहीत होतं?”

“मी काल तुम्हाला विचारलं होतं, सर.”

“दांडे पुरतील का, हे विचारलंस. आठवतंय मला. तेव्हा भेग बघितली होतीस तू?”

दादाची नजर त्या लाल रेघेवर गेली.

“बघितली होतीस?”

“हो.”

“मग मला प्रश्न कसले विचारतोस? भेग आहे एवढंच सांगायचं होतं!” सर ओरडले. मग पाहुण्यांसमोर आपण ओरडलो हे लक्षात येऊन त्यांनी आवाज खाली आणला. “मी चुकतो, हेरंब. सारखा चुकतो. म्हणून तर तुम्हाला सगळ्यांना ठेवलंय इथे.”

ते पाहुण्यांकडे वळले आणि सरळ म्हणाले की जुने दांडे लावायचा निर्णय माझा होता, तो चूक होता, तुम्हाला पट्ट्याच्या आत मीच आणलं, तेही चूक होतं. हातात हात घेऊन एकेकाची माफी मागितली त्यांनी. मला ते बघवेना. दादाला तर अजिबात. आपल्यापायी सरांवर चारचौघांत माफी मागायची वेळ आली, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

दुपारी सरांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. बसा म्हणाले, पण बसायचं कुणाला सुचत नव्हतं.

“हेरंब, चौथं वर्ष मी देऊ शकत नाही,” ते म्हणाले. “प्रबंध तू भारतातून पूर्ण कर, मी वाचेन, लागेल ती मदत करेन. पण ज्याला भेग दिसते आणि जो बोलत नाही, त्याच्या भरवशावर मी योपला त्या तुळईखाली बसवू शकत नाही.”

दादाने नुसती मान हलवली. थॅंक यू सर, असंही म्हणाला. ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. वाक्य तीनदा मनात घोळवणं वगैरे सगळं गेलं खड्ड्यात.

“आणि तुमचं काय?” मी म्हटलं. “दांडे तुम्ही लावलेत. पट्टा तुम्ही ओलांडलात. त्याला एकट्याला शिक्षा का? त्याची बायको सातव्या महिन्यात आहे!”

“शर्मिष्ठा, गप्प बस,” दादा मराठीत म्हणाला.

“नाही बसणार!”

सर रागावले नाहीत. “माझं मी वर कळवलंय,” ते म्हणाले. “चौकशी होईपर्यंत प्रयोगशाळा माझ्या ताब्यात नसेल. त्याच्या बायकोचं मला फार वाईट वाटतं. पण निर्णय तोच राहील.”

आम्ही बाहेर आलो. सायकलींच्या रांगेत दादाची सायकल शोधायलाच किती वेळ गेला, दोघांनाही धड दिसत नव्हतं. वारा असा होता की डोळ्यांतलं पाणी कानाकडे पळत होतं. मी वाट बघत होते, आता हा मला बोलणार. बटण तू दाबलंस, माझ्याकडे तू बघितलंस, माझ्या संसारावर तू नांगर फिरवलास. बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं.

त्याने कुलूप काढलं, साखळी हातात धरली आणि तसाच उभा राहिला.

“आप्पा गेले तेव्हा मी अकरावीत होतो,” तो म्हणाला.

मला आधी कळेचना हा कुठलं काय बोलतोय.

“आई मामाकडे गेली होती. आप्पा शाळेतून आले आणि ओट्यावर बसले. घामाने सदरा भिजलेला. डावा हात असा धरून ठेवलेला. मी विचारलं, आप्पा, डॉक्टरांना बोलवू का? म्हणाले, नको, पित्त झालंय. आमच्याकडे आप्पांच्या शब्दापुढे कुणी जात नसे, शर्मिष्ठा. मला दिसत होतं गं ते पित्त नाही म्हणून. डॉक्टर समोरच्या आळीत होते. पळत गेलो असतो तर...” तो थांबला. “मी म्हटलं, बरं. आणि आतून लिंबाचं सरबत करून आणलं त्यांना.”

मी त्याच्या हातातली साखळी घेतली, कारण ती वाजत होती.

“आईने नंतर विचारलं, तू काही केलं नाहीस? मी म्हटलं, मी विचारलं होतं त्यांना. आज सरांसमोर तेच वाक्य निघालं माझ्या तोंडून. अगदी तेच.”

मला रडू फुटलं. तो रडत नव्हता, मीच आपली भर रस्त्यात हमसून हमसून रडत होते आणि हॉलंडची माणसं सायकलींच्या घंट्या वाजवत बाजूने जात होती.

“चल,” तो म्हणाला. “मुग्धा वाट बघत असेल.”

मला त्याच्या घरी जायचं नव्हतं, कुठल्या तोंडाने जाणार? पण त्याने माझीही सायकल काढून आणली होती. दारात पोचलो तेव्हा तो घंटीवर बोट ठेवून क्षणभर थांबला. वहिनींनी दार उघडलं. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात पळी.

“काय रे, कसा झाला प्रयोग?”

एरवी दादाचं उत्तर मला पाठ होतं. बरा झाला, बघू काय म्हणतात ते. तो काहीच कधी थेट सांगायचा नाही, वहिनींना अंदाजाने ओळखावं लागायचं.

“मुग्धा, माझं वर्ष गेलं,” तो म्हणाला. “दांड्याला भेग होती. मला कालच दिसली होती आणि मी सांगितलं नाही. योप तिथेच बसला होता. हिने थांबवलं.”

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा आक्रसला. पळीतली आमटी उंबऱ्यावर ठिबकत होती, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

“योपला काही झालं नाही ना?”

“नाही,” मी म्हटलं.

“नक्की ना?”

“नक्की, वहिनी. खरचटलंसुद्धा नाही.”

त्यांनी डोळे मिटून घेतले, मोठा श्वास घेतला आणि दारातून बाजूला झाल्या.

“मग आत या दोघं,” त्या म्हणाल्या. “सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही.”